आत्तीचं फिरतं नख

आत्ती, मोटारसायकलचा आवाज आला की मी अजून दाराला कडी घालते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शाले, दूधवाला हाय गं त्यो, भ्यायला काय झालं?" बहुतेक वेळा दूधवालाच असतो. पण कडी घातल्याशिवाय मला राहवत नाही. भर दुपारी, पन्नाशी गाठलेली बाई, अंगणवाडीत पोरांना 'घाबरायचं नाही' असली गाणी शिकवणारी, दाराआड उभी राहून फटीतून बघते. हस खुशाल.

शिमगा तोंडावर आलाय. तुझी घोंगडी मी उन्हात टाकली, झटकली आणि घडी करून परत तिथंच ठेवली. तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय, ते आता कुणापाशी पुरं करू? तुझ्या लेकाशी बोलायला जावं तर तो म्हणतो, "आईचा इषय नको." म्हणून हे लिहायला बसले. लिहिताना माझी शाळेतली भाषा येते. तिला तू नावं ठेवायचीस, आजही ठेव.

तू आधी माझी आत्ती, मग सासू. तुझ्या लेकाशी लग्न लागलं तेव्हा माझ्या आईनं बजावलं होतं, "आता सासू हाय ती, तुमी म्हणायचं." मी पहिल्या दिवशी "तुमी" म्हणाले आणि तू चुलीपुढनं वळून बघितलंस. "कोण पावनी आलीया गं?" तेव्हापासून चारचौघांत तुमी आणि घरात तू.

मी जन्माची भित्री. बोकडाच्या शिंगांना भ्यायची, विहिरीतल्या पारव्यांच्या फडफडीला भ्यायची, पोतराजाच्या आसुडाला तर असली भ्यायची की कणगीमागं जाऊन बसायची. सुट्टीला तुझ्या वस्तीवर आले तेव्हा तू माझ्याकडं नीट बघितलंस आणि खुंटीवरनं काळ्या लोकरीचा दोरा काढलास. दोऱ्यात लांडग्याचं नख होतं. ते माझ्या गळ्यात बांधलंस, पाठीवर तळहात ठेवलास आणि म्हणालीस, "भ्या गेलं माळाला, पोर आलं घराला." नख गार होतं आणि तुझा हात गरम, खरबरीत, मेंढरांच्या वासाचा. दुसऱ्या दिवशी बोकडाला पाला मी घातला. लांबनं फेकला, पण घातला.

ते नख कुणाच्या मालकीचं नव्हतं. तुझ्या सासूच्या काळात कधीतरी एक म्हातारा लांडगा ओढ्याकाठी मरून पडलेला सापडला, त्याचं ते नख. वस्तीवरचं एखादं पोर झोपेत दचकायला लागलं, खाणंपिणं सोडलं, की त्याची आई आपल्या दारात यायची. तू नख बांधायचीस. पोर हसायला-खेळायला लागलं की ती नारळ नि ओंजळभर बाजरी घेऊन नख परत आणून द्यायची. तू ते ताकानं धुऊन, पुसून खुंटीला लावायचीस. मग पुढचं पोर. ठेवून घ्यायचं नाही, एवढी एकच अट. मामंजी लहानपणी, मग तुझा लेक, मी, माझी पोरं, सगळी वस्ती त्या एका नखावर वाढली.

आणि लांडगा तर आपला दुश्मन. मेंढरू नेलं की तू त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचीस. तुझ्या तोंडाला त्या वेळी कुणी लागत नसे. मग दमलीस की खाली बसून म्हणायचीस, "न्हेलं तर न्हेलं. त्येलाबी पोरंबाळं हायत." हे तू कुणाच्या समजुतीसाठी बोलायचीस, मला कधी कळलं नाही.

मग रहिमतपूरकडची ती बाई आली. आली म्हणजे काय, आपणच जायचो तिकडं. दिवाळीनंतर उसाच्या रानात मेंढरं खताला बसवायची, त्यातलं एक रान त्यांचं. माणसं चांगली, हाक मारून भाजी-भाकरी देणारी. मालक फौजेत. त्यांचा पोरगा फटाक्याला भ्याला नि बोलायचाच बंद झाला. तू नख बांधलंस, आणि तो बोलायला लागला. त्या माउलीनं आनंदाच्या भरात नख सोन्यात मढवलं. पुढच्या खेपेला तू परत मागितलंस तर हसून म्हणाली, "आवं मावशी, सोनं लावलं की आता, परत कसं द्यू? तुमी दुसरं आणा. तुमच्या माळावर लांडग्यांस्नी काय तोटा?" तूही हसलीस. त्यांच्या रानात आपली मेंढरं वर्षानुवर्षं बसत होती, तुझी जीभ उचलली नाही.

दुसरं आणा! इतकं साधं वाटलं तिला. पण ती गोष्ट पसरली आणि नख परत करायची चाल मोडली. जी आई येईल ती म्हणायची, "आमाला आमचं सोताचं पायजे." कुणीतरी मोबाईलवर तुझा व्हिडिओ काढला, मग दहिवडीपासनं आटपाडीपर्यंतच्या बाया यायला लागल्या. त्यात आपली ती जुनी समजूत, की नख आपल्या माळावरच्याच जनावराचं लागतं, बाहेरचं चालत नाही. आधी ती समजूत कुणाच्या वाटेला जात नव्हती, कारण नखच एक होतं. आता घरटी एक नख, आणि तेही ह्याच माळाचं.

तो मोटारसायकलवाला तेव्हाच पहिल्यांदा आला, नखं विकायला. गळ्यात मफलर, बोलायला साखर. "आज्जी, मेलेल्या जनावराची हायत. म्या कशाला मारतुय?" तू विश्वास ठेवून घेतलीस. मी नाही ठेवला. त्यात माझी हुशारी काही नाही, मला सगळ्यांचाच संशय येतो. मी म्हणाले, "आत्ती, फॉरेस्टवाल्यांना कळलं तर नुसतं घरात ठेवल्याबद्दलबी आत घालतात." तू म्हणालीस, "घालू देत. त्यांच्या पोरास्नी बांधून यीन."

आणि मग माळ गप झाला.

एका संध्याकाळी तू उंबऱ्यावर बसली होतीस. मी तांदूळ निवडत होते. तू म्हणालीस, "शाले, लय दिस झालं, वरडला न्हाई." कोण, ते मला आधी उमगलंच नाही. माळावर भटकी कुत्री वाढली होती, मेंढरांच्या वाड्यात शिरून कोकरं फाडत होती, त्यांचं भुंकणं रोजचंच झालं होतं. पण लांडग्याची ती लांब कुई, जी ऐकून मी लहानपणी तुझ्या पोटाशी शिरायचे, ती कधी थांबली ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. तू म्हणालीस, "मला भ्या वाटतंय गं." तुझ्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि तुझ्याजवळ येऊन बसले. वस्तीची भीती काढणारी बाई भ्याली, तर बाकीच्यांनी जायचं कुठं?

त्यानंतर मोटारसायकलवाला आला तेव्हा त्यानं तंबाखूची डबी उघडली. आत नखं होती, पण बारकी, पातळ, टोकाला अजून मऊ. तू एक उचलून बोटाच्या पेरावर ठेवलंस आणि बघत राहिलीस. "ही तर दूध पिणारी हुती," तू म्हणालीस. तो काहीतरी बोलत होता, तू ऐकत नव्हतीस. डबी त्याच्या हातात परत दिलीस आणि मोरीत जाऊन राखेनं हात घासायला लागलीस. तो निघून गेला तरी घासत होतीस. मी पाणी घालत राहिले.

पुढच्या आठवड्यात तू मेंढरांचे वाढलेले खूर छाटायला बसलीस. दरवर्षीचं काम. छाटलेले तुकडे नेहमी उकिरड्यावर जायचे, ह्या वेळी तू त्यातले वाकडे, टोकदार तेवढे वेचून पदरात घेतलेस. नंतर बघते तर काळ्या फडक्यात एकेक तुकडा घालून चारी बाजूंनी शिवतेयस.

"आत्ती, हे काय गं?"

"नख हाय."

"खूर हाय हा, मेंढीचा!"

"हळू बोल की बये. वस्तीला सांगतीस व्हय?"

तिथनं आपलं भांडण सुरू झालं, आठवतं? मी म्हणाले, ही फसवणूक आहे. तू म्हणालीस, "कसली फसवणूक? पोर बरं होतंय न्हवं?" आणि पोरं बरी होत होती, हे माझ्या डोळ्यादेखत. तुझा तळहात, तुझे ते शब्द, काळा दोरा, आणि फडक्यात मेंढीचा खूर. दचकणं थांबत होतं, पोरं भाकरी मागत होती. मोटारसायकलवाल्याला तू दारातनंच परत पाठवायला लागलीस. मी मनात तुला हात जोडले, पण तोंडानं भांडतच राहिले.

"आत्ती, तू खूर देतीस, पण त्या बाया लांडगा घेऊन जात्यात. त्यांच्या डोक्यात नखच हाय. तू हायस तवर ठीक हाय. तू नसशील तवा त्या खरं नख हुडकायला जातील, आणि देणारा टपूनच बसलाय. आत्ताच सांग लोकास्नी."

तू सुईत दोरा ओवत होतीस. तुला दिसत नव्हतं आणि माझ्याकडं द्यायचंही नव्हतं. "सांगितलं तर म्हणत्याल, म्हातारीनं गंडवलं. पोरं परत भ्यायला लागली तर?" मी म्हणाले, "आणि माळ?" तू सुई फडक्यात खोचून ठेवलीस. मग म्हणालीस, "बगू. मेंढरं परतली की बोलू."

मेंढरं अजून रहिमतपूरकडंच आहेत. तू मात्र अंगणात उन्हाला बसलीस, माझ्याकडं चहा मागितलास आणि मी चहा घेऊन येईपर्यंत निघून गेलीस. मी कप घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. तुझा लेक आमच्या धाकट्यावर मेंढरं सोपवून धावत आला. आपलं बोलणं तसंच राहिलं.

तुला सांगायला हवं ते हे, की लांडगे परत आलेत. तू गेल्यावर चारच दिवसांत शेजारच्या हौसाबाईनं सरपण गोळा करताना पाहिलं. वस्तीमागच्या वगळीत, त्या पाण्यानं कापलेल्या घळीत, मादी आहे आणि बिळाच्या तोंडाशी पिल्लं खेळतात. तू असतीस तर नाचली असतीस. पण हौसाच्या पोटात काही राहतं का? दिवस मावळायच्या आत सगळ्या वस्तीला ठाऊक.

आणि मग तो मोटारसायकलवाला आला. दुखवट्याला! डोकं उघडं करून, हात जोडून. "आज्जी म्हंजी देवमाणूस हुती. आता बांधणार तुमीच न्हवं वैनी?" तो उठता उठता म्हणाला, "वगळीत बिळ हाय म्हणं. तेराव्याला यीन, तवा सांगा." त्याला घर माहीत, वाट माहीत, एरवी मी पोरीला घेऊन एकटीच असते हेही माहीत. तेव्हापासून ही कडी.

बाहेरच्यांचं एक वेळ सोड, आपल्या घरातच काय झालं ते ऐक. तुझी पणती, ईश्वरी. माझा थोरला नि सून गलाईच्या कामाला, सोनं-चांदी गाळायला, केरळात असतात आणि पोर आपल्याजवळ. तू गेल्यापासून ती दचकून रडत उठते. तुझ्या रिकाम्या जागेकडं बघते आणि जेवत नाही. तुझा लेक मला म्हणाला, "आईनं बांधलेलं जुनं झालं असंल. एक खरं, ताजं आणून बांध. आपल्याच पोरीसाठी हाय, एकदाच." आत्ती, तो वाईट माणूस नाही, तुला माहीत आहे. त्याचा जीव पोरीत आहे. मी "न्हाई" म्हणाले आणि माझी मलाच भीती वाटली. उद्या पोरीला ताप चढला, काही झालं, तर सगळं खापर माझ्यावर. आणि होय म्हणाले तर त्या बिळात धूर जाणार, ते ह्या घराच्या नावानं.

त्याहून मोठी भीती दुसरीच होती, ती आज सांगते. ईश्वरीच्या गळ्यातली पुरचुंडी तू शिवलीस तेव्हा मी घरी नव्हते. आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. लोकांच्या पोरांना तू खूर दिलास. पण ही तुझी पणती, तुझ्या दुधावरची साय. तिच्यासाठी तू एक खरं नख कुठंतरी राखून ठेवलं असशील तर? तसं असेल तर तू खरंच लोकांना गंडवलंस. दिवसभर मी पोरीच्या गळ्याकडं बघायचे, बोटांनी चाचपायचे. खूर आणि नख, फडक्यावरनं सारखंच लागतं.

तेराव्याला सगळी जमली. पाव्हणे, वस्ती, माळावरच्या बाया लेकरं घेऊन. जेवणं उरकली, पानसुपारी झाली. तो लिंबाखाली बसला होता, मफलर सावरत. हौसाबाईच बोलली, "आता पुढं शालन बांधंल. पर नखाचं कसं?" दोघीतिघी म्हणाल्या, व्हय, आमालाबी पायजे. तो उठला, चार पावलं पुढं आला. "काळजी नको. जागा तेवढी दाखवा, सांजच्याला आणून देतो." तुझा लेक मान खाली घालून नखानं माती उकरत होता. त्यानं मान हलवली असती तर संपलं होतं.

मी कशी उठले, ते मला विचारू नको. अडकित्ता हातात होता, तोच घेऊन ईश्वरीला पुढ्यात ओढलं आणि तिच्या गळ्यातली पुरचुंडी कापली. बायांनी तोंडाला पदर लावले. कोणीतरी ओरडलं, "आवं, उघडू नका, बाधतं!" टाके उसवेनात. मी दातांनी फाडलं. आत्ती, त्या क्षणी मी देवाला नाही, तुला म्हणत होते, खूर असू दे गं, खूर असू दे.

तळहातावर पडलं ते मेंढीच्या खुराचं वाकडं काळं टोक.

मी रडायलाच लागले. रडत रडत सगळं सांगितलं. नख सोन्यात कसं गेलं, डबीत काय आलं, तू हात कसे घासलेस, त्यानंतर तू एकाही पोराला नख बांधलं नाहीस. "तुमच्या पोरांच्या गळ्यातबी ह्येच हाय. आणि आत्तीनं सोताच्या पणतीलाबी ह्येच बांधलं." मग तुझी ती जुनी मैत्रीण, काठी टेकणारी, तिनं मला शिव्या घातल्या. मेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस म्हणाली. मी ऐकून घेतलं. एका तरण्या पोरीनं आपल्या लेकराची पुरचुंडी तिथंच उसवली. खूर. दुसरीनं उसवली. खूर. तिसरीनं उसवली नाही, मुठीत घट्ट धरून बसली.

तो हसला. "आता कळलं न्हवं? म्हंजी खरं पायजे असंल तर मलाच सांगावं लागंल." तेव्हा तुझा लेक उठला. माझ्या तळहातावरचा तुकडा घेऊन उन्हात धरला, उलटासुलटा करून बघितला. "आपल्या काळ्या मेंढीचा हाय ह्यो," म्हणाला. मग त्याच्याकडं वळला. "गाडी काढ. आन परत ह्या वाटंला दिसलास तर फॉरेस्टला मी सोता फोन लावीन." तो गेला. जाताना माझ्याकडं बघून गेला. ती नजर मला अजून पुसता येत नाही.

सगळं निवळलं असं समजू नको. निम्म्या वस्तीनं बोलणं टाकलंय. हौसाबाई वाटेत तोंड फिरवते. अंगणवाडीत चार पोरं येईनाशी झालीत. पण त्याच दिवशी, भांडी घासत होते तेव्हा, ईश्वरी तो खूर शोधून घेऊन आली. "आज्जी, बांध की." मी म्हणाले, "अगं, मेंढीचा हाय नुसता." ती म्हणाली, "मोठ्या आज्जीनं दिलाय." मी बांधला. पाठीवर हात ठेवला. तुझेच शब्द म्हणाले. काही रात्री ती अजून दचकते, पण जेवायला लागलीय.

परवा ती मुठीत पुरचुंडी धरून बसलेली पोरगी दारात आली. कडेवर नणंदेचं लेकरू. मी फटीतून बघून कडी काढली. ती म्हणाली, "वैनी, माझ्या पोराचं आता बरं हाय. आत्तीनं बांधलेलं ह्ये परत आणलंय. ह्या पोराला बांधा. बरं झालं की त्येबी परत आणून दीन." पदरात नारळ होता आणि ओंजळभर बाजरी. आत्ती, किती वर्षांनी कुणी परत आणून दिलं! मी ताक शोधायला आत गेले आणि तिथंच जरा वेळ थांबले, डोळे पुसायला.

वगळीकडं जायचं मला धाडस झालेलं नाही. तो पुन्हा आला असेल का, बिळात काय उरलं असेल, हे रोज मनात येतं. तुझा लेक मेंढरांकडं परत गेलाय. काल दिवेलागणीला मी अंगणात वाळवण गोळा करत होते. माळाकडनं ती लांब कुई आली. आधी एक, मग तिच्या पाठोपाठ बारीक, मोडकी, शिकाऊ, दोन-तीन मिळून. हातातलं सूप खाली पडलं. अंगावर सरसरून काटा आला, गळ्याकडं हात गेला, गळ्यात काहीच नव्हतं. आत्ती, मी भ्याले. लहानपणी तुझ्या पोटाशी शिरायचे तशी, लय भ्याले. आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.